पुढची चाकं वळणात बाहेर पळतात, तर मागच्या स्वे बारची लिंक कुठल्या भोकात लावू?

तुमची गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर येतो. वळणात स्टिअरिंग फिरवूनही तोंड बाहेर पळतं, म्हणून तुम्ही मागचा मूळ २० मिमीचा बार काढून २२ मिमीचा, तीन भोकांचा बार आणलाय आणि लिंक कुठल्या भोकात लावायची ते विचारताय. थेट सांगतो: अगदी टोकाच्या भोकात लावा. तेच सगळ्यात मऊ. आणि मोकळ्या, रहदारीला बंद असलेल्या जागेत गाडी नीट चालवून पाहिल्याशिवाय तिथून पुढे सरकू नका.

स्वे बार, म्हणजे वळणात गाडीचं झुकणं रोखणारी आडवी दांडी, ही पिळाची स्प्रिंग आहे. मधला भाग बुशमध्ये, म्हणजे रबरासारख्या कड्यांमध्ये, धरलेला, दोन्ही बाजूंचे हात लिंकनं, म्हणजे छोट्या जोडदांडीनं, सस्पेन्शनला जोडलेले. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार बुशमध्ये नुसता फिरतो. एक वर, एक खाली झालं की त्याला पीळ बसतो. हात लांब असेल तर पीळ सहज बसतो, म्हणून टोकाचं भोक मऊ. हाताची लांबी २० सेंमीवरून १८ वर आणली की ताठपणा साधारण २३ टक्के वाढतो. व्यासाचा हिशेब तर याहून कडक आहे, कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. हात आधीच्याच लांबीचे असतील तर २० चे २२ मिमी केलेत तिथेच ४६ टक्के वाढ झाली. भोकाचा प्रश्न त्यानंतरचा.

आता खरा मुद्दा. बार पकड देत नाही, तो भाराची वाटणी करतो. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार जाणार, हे गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि तुम्ही वळण किती जोरात घेता यावर ठरतं. त्यातला किती पुढच्या जोडीनं सोसायचा आणि किती मागच्या, एवढंच बार ठरवतो. आणि टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. बाहेरचा टायर जेवढं कमावतो त्यापेक्षा आतला जास्त गमावतो. म्हणून ज्या जोडीचा बार ताठ, तिची एकूण पकड कमी. मागचा बार ताठ केल्यावर पुढची जोडी सुधारते खरी, पण तिच्या वाट्याचा भार मागची जोडी उचलते. तुमचा अंडरस्टीअर, म्हणजे तोंड बाहेर पळणं, कमी होतो तो मागच्या चाकांची शिल्लक पकड खर्चून.

ही शिल्लक संपली की काय होतं ते मी ओल्या ट्रॅकवर पाहिलंय. सकाळी कोरड्यात सगळ्यात ताठ भोकात गाडी सुरेख वळत होती. दुपारी पाऊस आला आणि मी भोक न बदलता तसाच निघालो. लांबलचक उजव्या वळणात तोंड जरा बाहेर जातंय असं वाटलं म्हणून अ‍ॅक्सिलरेटर सोडला. भार पुढे सरकला, मागची चाकं हलकी झाली, आणि मी स्टिअरिंग उलटं फिरवेपर्यंत गाडी आडवी झाली होती. आदळली नाही, पण काळजात धस्स झालं. तेव्हापासून ओल्यात मागचा बार मऊच ठेवतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत थोडा अंडरस्टीअर असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तोंड बाहेर गेलं तर अ‍ॅक्सिलरेटर सोडून बहुतेकांना सावरता येतं. मागची बाजू सुटली तर फार थोड्यांना.

बारला हात लावण्याआधी टायरमधली हवा, टायरची झीज आणि अलाइनमेंट तपासा. लिंकचे जॉइंट सैल असतील किंवा बुश फाटले असतील तर भोकं बदलून काही कळणार नाही.

बसवताना एक गोष्ट हमखास चुकते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना लिंक कसू नका. रॅम्पवर घ्या, चारही चाकांवर वजन असू द्या, जमल्यास ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाचा माणूस बसवा. आधी एका बाजूची लिंक कसून घ्या. मग दुसऱ्या बाजूच्या लिंकची लांबी अशी जुळवा की बोल्ट बोटांनी ढकलला तरी भोकात सरकेल. पहार लावून बार ओढावा लागत असेल तर तो उभ्या गाडीतच पिळलेला आहे. मग चाकांवरचा भार तिरपा वाटला जातो आणि गाडी डाव्या वळणात एक वागते, उजव्यात वेगळंच. त्यासाठी निदान एक लिंक तरी लांबी बदलता येणारी हवी. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर त्यांना शोभेल असं ग्रीस भरा, नाहीतर ते कुरकुरतात.

टोकाच्या भोकावर समाधान झालं नाही तर दोन्ही बाजूंना एकच भोक आत या आणि त्या दिवशी बाकी काही बदलू नका, हवासुद्धा नाही. तोंड नेमकं कधी पळतं ते लिहून ठेवा. वळणात शिरतानाच पळत असेल तर वेग जास्त आहे किंवा ब्रेक उशिरा सुटतोय का ते आधी बघा. तो दोष बारनं जात नाही. बाहेर पडताना, अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर पळत असेल तर मागचा ताठ बार खरोखर कामाला येतो, कारण पुढच्या आतल्या चाकावर भार टिकतो आणि ते फुकट फिरत नाही.

मित्राला बाहेर उभं करून मागचं आतलं चाक बघायला सांगा. ते जमिनीवरून उचललं गेलं की मागच्या जोडीकडे वाटून घ्यायला काही उरलेलं नसतं. त्यापुढे वळण कितीही जोरात घ्या, वाढीव भार पुढेच जातो आणि बार आणखी ताठ करून तिथे काही हाती लागत नाही. खडबडीत रस्त्यावर तर उलट एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोचतो आणि मागची बाजू आडवी उडते. तसं जाणवलं की लगेच एक भोक परत टोकाकडे या.