हातगाडी उचलली, माल कसा सोडवायचा?

प्रश्न : पालिकेच्या अतिक्रमणवाल्यांनी भाजीसकट हातगाडी नेली. कागद दिला नाही. काय करू?

उत्तर : पथविक्रेता कायदा, 2014 च्या कलम 19 नुसार जप्त मालाची सही असलेली यादी तुम्हाला मिळायलाच हवी. ती यादी गाडी हलण्याआधीच मागायची. नंतर तागडी, वजनं, क्रेट यांचा हिशेब लागत नाही. आता त्याच दिवशी लेखी अर्ज करा, मेथी-कोथिंबीर थांबत नाही. अर्जात नग आणि किलो लिहा, पोच घ्या. शुल्क भरल्यावर नाशवंत माल मागणीच्याच दिवशी, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत सोडावा लागतो. पावतीशिवाय पैसे देऊ नका. शिवाय कलम 18 प्रमाणे हटवण्यापूर्वी 30 दिवसांची नोटीस लागते. ती मिळाली नसेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा.