पित्ताशयात खडे आहेत, म्हणजे कॅन्सर होणार का?

"मॅडम, खडे आहेत म्हणजे पुढे कॅन्सर ठरलेलाच ना?" हे इतक्या जणांकडून ऐकते की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

सुनंदाताई (नाव बदललंय), पन्नाशीच्या. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ, पार पाठीपर्यंत जायची. सर्जन म्हणाले पित्ताशय काढून टाका, पण ताई ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हत्या, दर दोन महिन्यांनी सोनोग्राफी मात्र करायच्या आणि डायरीत खड्याचं माप लिहायच्या. 14 मिमी. 14. 15. त्या पंधराने झोप उडाली. शेजारच्या, मूळच्या पाटण्याच्या बाई पित्ताशयाच्याच कॅन्सरने गेल्या होत्या, कावीळ झाली तेव्हा कळलं.

मी काही डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, पण भीती घटनेपेक्षा आपण लावलेल्या अर्थातून जास्त येते असं मानणारी मी, त्यामुळे आधी आकडे सरळ करते. हा कॅन्सर झालेल्या बहुतेकांना खडे असतात हे खरं, पण खडे असलेल्या शंभरात जेमतेम एखाद्याला तो होतो. वर्षानुवर्षांची सूज, 3 सेंमीच्या वरचा खडा, 1 सेंमीपेक्षा मोठा पॉलिप (पित्ताशयाच्या आतल्या अस्तरावरची वाढ) असेल तर डॉक्टर जास्त सावध होतात. यूपी-बिहारकडे, गंगेच्या पट्ट्यात याचं प्रमाणही आपल्यापेक्षा बरंच जास्त. आणि एक मिमी तर सोनोग्राफीचा प्रोब (पोटावर फिरवतात ते) कसा धरला यावरही बदलतो!

सगळं पटलं, तरी ऑपरेशनला नाहीच.

"कापण्याची भीती वाटते?"

"छे, दोन सिझर झालीत माझी."

"मग?"

डायरीची कड नखाने सोलत बसल्या बराच वेळ. "काढलं की तपासायला पाठवतात ना ते. त्यात काही निघालं तर?"

हे त्यांना घरात कोणी विचारलंच नव्हतं, सगळे ऑपरेशन किती सोपं तेच समजावत होते. सोनोग्राफीत नुसतं माप येतं, निकाल येत नाही, म्हणून ती चालत होती.

म्हटलं, "असेल तर ते आजही आहेच, आणि लवकर सापडलं तरच बरं व्हायची संधी जास्त." मग रिपोर्टच्या दिवसाचीच तयारी केली, कोण आणणार, कोण उघडणार, काही निघालं तर पहिला फोन कुणाला. पुढच्याच महिन्यात दुर्बिणीने ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये जुनी सूज, कॅन्सर नाही.

खडे नुसते दिसलेत, त्रास काहीच नाही, तर डॉक्टर बहुतेकदा थांबायलाच सांगतात. कळ येत असेल तर टाळू नका, आणि कावीळ किंवा उगाच वजन उतरत असेल तर माझ्याकडे नंतर या, आधी डॉक्टर गाठा. ऑपरेशन झालं असेल तर तो तपासणीचा रिपोर्ट मागून घ्या, पुष्कळ जण टाके काढून आले की तिकडे फिरकतच नाहीत.