आधी कान बघा, मग गोळी

ताई, पंचविशीतला मुलगा अचानक स्वतःच्या कानशिलात मारायला लागला म्हणून लगेच डोकं शांत करायच्या गोळ्यांकडे वळू नका. डाऊन सिंड्रोम आणि ऑटिझम दोन्ही असले की दुखणं तोंडातून नाही, वागण्यातून बाहेर येतं. आधी कानातला मळ, दाढा, पोट साफ होतंय का ते बघा. डाऊनमध्ये कानाची नळीच अरुंद असते, मळ पटकन साचतो. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, दरवर्षी कराच. थायरॉईडने सुस्तावलेल्या पोराला नातेवाईक खुशाल 'आळशी' म्हणतात! घोरत असेल, बसून झोपत असेल तर झोपेत श्वास अडकत असू शकतो; व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.

तपासणीसाठी रक्त द्यायची सवय घरीच लावा. दंडाला रुमाल बांधायचा, कोपराजवळ ओल्या कापसाने पुसायचं, नखाने हलकंसं टोचायचं, की लगेच केळीचे वेफर्स. रोज, त्याच क्रमाने. तपासणीला जळगावला नेताना सकाळचा पहिला नंबर घ्या. वैशाखात दुपारच्या गर्दीत आपणही टिकत नाही, तिथे त्याचं काय?

चाळिशीनंतर अल्झायमरची शक्यता खरीच, पण तसं ठरवण्याआधी मोतीबिंदू, ऐकणं, थायरॉईड तपासून घ्या. आणि चाल बदलली, हात लुळे वाटले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मानेचे मणके सरकून मज्जारज्जू दबत असू शकतो; त्याच दिवशी दवाखाना गाठा.