अपडेटनंतर लॅपटॉप सुरूच होत नाही

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. ड्रायव्हर (यंत्राचे भाग विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) आपोआप बदलून देणारा एक प्रोग्राम टाकला, त्याने पाच-सहा ड्रायव्हर बदलले. त्याच रात्री विंडोजचा अपडेटही आला. आता लोगो दिसतो, खाली टिंबं गोल फिरतात आणि पडदा काळा पडतो. सगळे फॉरमॅट करायला सांगतात. दुसरा इलाज आहे का?

उत्तर : आहे. फॉरमॅटची घाई अजिबात करू नका. लोगो येऊन टिंबं फिरतात, म्हणजे विंडोज डिस्कवरून लोड होऊ लागलं आहे. संशय घ्यायचा तो शेवटच्या दोन बदलांवर. ते एकेक करून मागे घ्या. दोन्ही एकदम काढलेत तर खोड कशात होती ते कळणार नाही आणि तोच ड्रायव्हर पुन्हा येऊन बसेल.

चार्जर लावा. पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क काढून ठेवा. पॉवरचं बटण १० सेकंद दाबून लॅपटॉप बंद करा, सुरू करा, टिंबं दिसली की पुन्हा तसंच बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा झालं की विंडोज आपणहून दुरुस्तीच्या पडद्यावर जातं. मात्र पडद्यावर अपडेटची टक्केवारी दिसत असेल तर बटणाला हात लावू नका.

दुरुस्तीच्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रीस्टार्ट’ असं जा आणि यादी आली की ४ दाबा. हा सेफ मोड. इथे विंडोज मोजके साधे ड्रायव्हरच वापरतं. वाटेत बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका; ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, दुसऱ्या फोनवरून खातं उघडून पाहा.

सेफ मोड चालला तर दोष ड्रायव्हरकडे जातो, आणि काळा पडदा म्हटल्यावर आधी ग्राफिक्सचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले ॲडॅप्टर्स’खालच्या नावावर राइट क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. ते बटण फिकं असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा आणि ड्रायव्हरही काढण्याच्या चौकटीत खूण करा. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हाही सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसली की संगणक उठत होता. तो ड्रायव्हर बदलणारा प्रोग्राम सेफ मोडमध्ये निघाला नाही तर विंडोज नीट सुरू झाल्यावर लगेच काढा. असे प्रोग्राम ठेवूच नयेत. ड्रायव्हर लॅपटॉपच्या उत्पादकाकडून किंवा विंडोज अपडेटमधूनच घ्यावा.

सेफ मोडही उघडला नाही, तर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ निवडून शेवटचा क्वालिटी अपडेट काढा. त्यानेही भागलं नाही तर ‘सिस्टिम रिस्टोअर’, म्हणजे विंडोज आधीच्या एखाद्या तारखेच्या स्थितीत परत नेणं. त्यात तुमची कागदपत्रं, फोटो जागच्या जागी राहतात. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम तेवढे जातात.

हेही हुकलं तर पुढे काही करण्याआधी फाइली वाचवा. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधला ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा, ‘नोटपॅड’ असं इंग्रजीत लिहून एंटर दाबा, ‘फाइल’मधून ‘ओपन’ करा आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. त्या छोट्या खिडकीतूनच फोल्डर कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करता येतो. इथे सी ड्राइव्हला डी असं नावही पडू शकतं, आणि कॉपी किती झाली ते दिसत नाही, म्हणून धीर धरा. त्यानंतरच ‘रीसेट धिस पीसी’, म्हणजे विंडोज नव्याने बसवणं, तेही ‘कीप माय फाइल्स’ निवडून.

प्रश्न : बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, ‘रेड’वरून ‘एएचसीआय’ केला. आता ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येतो.

उत्तर : मोड पुन्हा ‘रेड’ करा, विंडोज सुरू होईल. त्याला एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीलाच लोड करायची सवय नाही, म्हणून डिस्क सापडत नाही. बदल करायचाच असेल तर बिटलॉकर आधी तात्पुरता थांबवा, ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’च्या ‘बूट’ टॅबवर ‘सेफ बूट’ला खूण करा, रीस्टार्ट करताना थेट बायोसमध्ये जाऊन मोड बदला. सेफ मोडमध्ये एकदा सुरू झालं की ड्रायव्हर जागेवर बसतो. मग ती खूण काढून पुन्हा सुरू करा.