कडेवरचं नाव

प्रश्न : आमच्या देवघरात पणजोबांचं चांदीचं पदक आहे. एका बाजूला राजाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर उघडा माणूस. दसऱ्याला कोयत्या-विळ्यांबरोबर त्याचीही पूजा होते. घरात सगळे ठामपणे सांगतात की तो व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, आहे. पणजोबा बसऱ्याला होते, यापलीकडे कुणाला काही माहीत नाही. एक गृहस्थ विकत मागताहेत. माहिती कशी काढायची आणि किंमत किती येईल? (एक वाचक, दापोली तालुका)

उत्तर : आधी कडू घोट. तो व्हिक्टोरिया क्रॉस नाही. तो क्रॉस काशाचा असतो, फीत किरमिजी असते आणि तो मिळाला असता तर तुमच्या गावात सांगायला एवढी माणसं लागली नसती. माणगावकडच्या यशवंत घाडगे यांना तो १९४४ मध्ये इटलीत मरणोत्तर मिळाला, आज त्यांचं नाव सगळ्या तालुक्याला पाठ आहे. तुमच्याकडे आहे ते पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. अशी सुमारे ६५ लाख पदकं वाटली गेली. घोड्यावरचा माणूस म्हणजे सेंट जॉर्ज, आणि टापांखाली चिरडलेली ढाल जर्मनांची.

पण हिरमुसू नका. तुम्ही चार फोटो पाठवलेत, चारही पदकाच्या तोंडाचे. राजा सगळीकडे सारखाच. माणूस असतो तो कडेवर. सुदैवानं तुमच्या चौथ्या फोटोत कड थोडी दिसते. मी भिंग लावून वाचलं : चार आकडी क्रमांक, मग 'सिपॉय', मग नाव (ते इथे मुद्दाम छापत नाही) आणि शेवटी '११७ मराठाज'. पणजोबांचा सगळा पत्ता त्या दीड बोटभर अक्षरांत आहे.

११७ मराठाज ही पुणे डिव्हिजनमधली, म्हणजे सहाव्या डिव्हिजनमधली पलटण. नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणी आखातातून आजच्या इराकमधल्या फावला तुर्कांशी लढायला उतरलेल्या पहिल्या तुकडीत ती होती. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई, नोव्हेंबरमध्ये टेसिफोन, तिथून माघार आणि मग कूतला तुर्कांचा वेढा. तो ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. शेवटी घोडे कापून खायची पाळी आली होती, आणि आपल्या अनेक शिपायांनी बरेच दिवस त्याला हात लावला नाही. त्यानंतर सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत चालत गेली. पणजोबा त्यात होते की पुढच्या भरतीत गेले, हे कड सांगत नाही.

ते सांगेल दुसरी वस्तू. १९१५ संपायच्या आत ते तिकडे पोचले असतील, तर त्यांना एक ताराही मिळायला हवा : '१९१४–१५ स्टार', काशाचा, मधे दोन आडव्या तलवारी, आणि सपाट पाठीवर नाव-क्रमांक. शिवाय पंखवाल्या देवीचं व्हिक्टरी मेडल, इंद्रधनुषी फितीचं. तुमच्याकडे ही दोन्ही नाहीत, म्हणजे ती हरवलीच असं समजू नका. माझ्या अनुभवात पदकं वाटणीत जातात. थोरल्याकडे चांदीचं, मधल्याकडे पितळेसारखं दिसणारं, धाकट्याला नुसती फीत. चुलत घरांतल्या जुन्या पत्र्याच्या ट्रंका उघडायला लावा. तारा सापडला तर तुमचे पणजोबा १९१५ अखेरच्या आधी तिथे होते, हे पक्कं.

चांदीचं पदक मात्र तुमच्याकडे उरलं हेच नवल. त्यात जवळजवळ अडीच तोळे चांदी, तीही चांगल्या कसाची. १९७९-८० मध्ये चांदीचा भाव चढला तेव्हा जगभर ती पोत्यानं वितळली. आमच्याकडे भाव चढायचीही वाट पाहिली नाही. माझ्या आजीनं सासऱ्यांचं पदक गावच्या सराफाकडे नेलं आणि जोडवी करून आणली. ती जोडवी माझ्याकडे आहेत. कड नाही, क्रमांक नाही. त्या सासऱ्यांची पलटण कोणती होती, हे मी गेली बावीस वर्षं शोधतोय.

तुमच्या पणजोबांचा शोध त्यामानानं सोपा आहे. ते युद्धात वारले असतील, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धमृतांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीत शोधा. तिथे वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही बऱ्याचदा दिलेला असतो. इंग्रज कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, तेव्हा जाधव, जाधो, जादव, सगळी रूपं टाका. जिल्हा जुना धरा : आजचा सिंधुदुर्ग तेव्हा निम्माशिम्मा रत्नागिरीत होता, रायगड म्हणजे कुलाबा. आणि बसऱ्याच्या स्मारकाच्या भिंतीवर नाव शोधू नका. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली, आपल्या शिपायांचा मात्र पलटणीगणिक फक्त आकडा. २०२१ मध्ये कमिशननं या भेदभावाची माफी मागितली. आपल्या गावांतल्या संगमरवरी पाट्याही तशाच : या गावातून इतके गेले, इतके कामी आले. आता ही गंमत बघा, भिंतीवर ज्याचा आकडा झाला, त्याचं नाव त्याच सरकारनं पदकाच्या कडेवर ठोकून दिलं होतं.

परत आले असतील, तर पेन्शनचा कागद, सात-बाराचा जुना फेरफार, गावातली पाटी, आणि बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर. क्रमांक, हुद्दा, पलटण, गाव, असं एका ओळीत लिहून विचारा. '११७ मराठाज' ही पलटण १९२२ मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेली, तेही लिहा म्हणजे शोधणाऱ्याला सोपं जाईल. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत. त्यात शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण अमुक तारखेला पलटण कुठल्या खंदकात होती, हे कळतं.

पदक घासू नका. चिंच नाही, रांगोळी नाही, टूथपेस्ट तर नाहीच. हळद-कुंकवाचा थर कडेच्या अक्षरांत बसलाय, तो कोमट पाण्यात मऊ ब्रशनं काढा आणि यापुढे कुंकू फितीला लावा.

किमतीचं विचारलंत. सांगणार नाही. एवढंच सांगतो की शंभर वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाही. तेव्हा ते गृहस्थ पदक कुठे पाठवणार आहेत, हे त्यांनाच विचारा.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारातून आफ्रिका स्टार आणि इटली स्टार घेतले. मागे मराठा पलटणीच्या शिपायाचं नाव आहे. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश पदकं बिननावाची असतात, असं वाचलं. मी फसलो का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : उलट. ब्रिटिश सैनिकांना ती बिननावाची दिली, पण हिंदुस्थानी सैन्यात नाव घालून देत. आफ्रिका आणि इटली ही जोडी मराठ्यांना शोभतेच : तिसरी बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनला लढली आणि पुढे इटलीत गेली. एरिट्रियाची मोहीमही आफ्रिका स्टारमध्येच मोजली जाते. आता दोन्ही ताऱ्यांवरचा क्रमांक एकच आहे का, ते पाहा. वेगळा निघाला तर दुकानदारानं दोन माणसं एकत्र बांधलीत. आणि पुढच्या वेळी फोटो मागच्या बाजूचा पाठवा, समोरचा मला पाठ आहे.