अरवा म्हणजे नक्की काय, आणि मुलीचं हे नाव ठेवावं का

ताई, सगळ्यात आधी मुबारक! तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासूबाईंनी मुलीसाठी अरवा सुचवलंय, तुम्हाला आवडलंय पण, नेटवर एका ठिकाणी अर्थ दिलाय शेळी, दुसरीकडे तृप्त, तिसरीकडे स्वर्गातली परी, आणि आता दीर म्हणतायत की पैगंबरांचा वैरी अबू लहब, त्याच्या बायकोचं हेच नाव होतं तर आपल्या घरात नको. वर हे नाव कुणी ऐकलेलंच नाही ही काळजी. मी अरबी शिकलेय आणि बरीच वर्षं शिकवलंय, शिवाय माझ्या चुलत बहिणीच्या मुलीचं नाव अरवाच आहे, त्यामुळे हा सगळा वाद आमच्या घरात एकदा होऊन गेलाय. जरा लांब लिहितेय, निवांत वाचा.

अर्थापासून सुरुवात करू. परी वगैरे विसरा, त्याला काही आधार नाही. अरबीत उर्विय्या म्हणजे डोंगरकड्यावर राहणारी रानशेळी, ती मादी, आणि अरवा हे तिचंच अनेकवचन. इंग्रजीत आयबेक्स म्हणतात तो प्राणी. शेळी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गोठ्यातली बें बें करणारी येते म्हणून दीर नाराज झाले असतील, पण हा प्राणी वेगळाच आहे हो, उभ्या कड्यावर जिथे माणसाला पाय ठेवायला जागा नाही तिथे तो सहज चढतो, सहसा कुणाच्या हाती लागत नाही. आणि यमनमध्ये तर त्याचा मान इस्लामच्या कितीतरी आधीपासूनचा, सबाच्या राज्यातल्या देवळांच्या दगडांवर या रानबोकडांच्या रांगाच्या रांगा कोरलेल्या सापडतात. अरबांना डोंगरातले आणि वाळवंटातले देखणे प्राणी मुलींच्या नावात घ्यायला फार आवडतं. रीम म्हणजे पांढरं हरीण, रशा म्हणजे हरणाचं पाडस, महा म्हणजे रानगाय म्हणतात तसलं मोठ्या डोळ्यांचं हरीण, ग़ज़ाला तर तुम्हाला माहीतच आहे. आपल्याकडे मैना, मयूरी, हरिणी ठेवतात तेव्हा कुणी पोरीला पक्षी म्हटलं असं मानतो का आपण?

आता तृप्त हा अर्थ कुठून आला. तो अगदीच खोटा नाहीये. र, व, य या तीन अक्षरांच्या धातूत पाणी पिऊन तहान भागणं हा अर्थ आहे, रय्यान हे नाव त्यातलंच, आणि हजच्या दिवसांत जिलहिज्जच्या ८ तारखेला यौम-ए-तर्विया म्हणतात तेही त्यातलंच, कारण पूर्वी हाजी पुढच्या दिवसांसाठी पाणी त्या दिवशी भरून घ्यायचे. रावी (ऐकलेलं पुढे सांगणारा) आणि रिवायत (ते सांगणं) हे शब्दसुद्धा याच घरातले. तर या धातूपासून 'जास्त तहान भागवणारं' असा शब्द केला की तो लिहायला अगदी अरवासारखाच होतो. म्हणून वेबसाइटवाल्यांनी तो गोड अर्थ उचलला आणि शेळी गाळून टाकली. माझं स्पष्ट मत, नाव म्हणून जे अरवा जुन्या काळापासून चालत आलंय ते डोंगरातल्या रानशेळीचंच, कुणी विचारलं तर तेच सांगा, लपवायचं कशाला. हवं तर पाण्याचा अर्थही जोडून सांगा, चुकीचं होणार नाही.

नावांच्या साइट्सवर विश्वास किती ठेवायचा याचं आपल्याकडचं उदाहरण देते. मुलाचं आरव नाव मध्यंतरी घराघरात आलं, सगळीकडे अर्थ दिलाय शांत, आणि संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरड! कोंबडा आरवतो म्हणतो ना आपण, तोच. नाव छान आहे, फक्त अर्थ उलटा लिहिलाय, आणि एकाने लिहिला की बाकीचे तोच उतरवून घेतात.

दिरांच्या मुद्द्याकडे येते, कारण तो खरा आहे, उडवून लावण्यासारखा नाही. अबू लहबची बायको उम्मे जमील, तिचं खरं नाव अरवा बिन्त हर्ब होतं, ही गोष्ट बरोबर. पण कुराणात सूरह लहबमध्ये तिचं नाव घेतलेलंच नाही, लाकडं वाहणारी एवढंच म्हटलंय. आणि त्याच मक्केत त्याच काळात पैगंबरांच्या सख्ख्या आत्याचं नाव अरवा होतं, अरवा बिन्त अब्दुल मुत्तलिब. हजरत उस्मान यांच्या आईचं नावही अरवा, अरवा बिन्त कुरैज, म्हणजे नात्याने पैगंबरांची आतेबहीण. एका बाईच्या वागण्यामुळे नाव टाकायचं तर या दोघींचं काय करायचं? आमच्या घरी मौलवीसाहेबांना विचारलं तेव्हा त्यांनीही हेच सांगितलं की अर्थ वाईट नाही, नाव जायज़ आहे, खुशाल ठेवा. दिरांना हे शांतपणे सांगून बघा, त्यांचा हेतू चांगलाच आहे.

अजून एक अरवा सांगते. बगदाद वसवणारा खलीफा मन्सूर, त्याच्या बायकोचं नाव अरवा. तिने लग्नाच्या वेळी लेखी करार करून घेतला होता की मी जिवंत असेपर्यंत दुसरी बायको करायची नाही आणि दासीही ठेवायची नाही. पुढे तो खलीफा झाला, करार मोडायला काझींकडून मार्ग शोधत राहिला, पण ती कागद पुढे करायची आणि काझी तिच्या बाजूने निकाल द्यायचे असं जुन्या अरबी पुस्तकांत सांगितलंय. अरेबियन नाइट्सच्या गोष्टींतला खलीफा हारून अल-रशीद हा तिचाच नातू.

पण या नावाची खरी मालकीण म्हणाल तर यमनची राणी अरवा, आणि तिच्याबद्दल मात्र मी थोडं जास्त लिहिणार कारण सासूबाईंना हे नाव कुठून सुचलं असेल याचं उत्तरही मला वाटतं तिथेच आहे. जन्म १०४८च्या सुमाराचा. यमनवर राज्य करणाऱ्या सुलैही घराण्यात वाढली, सासू अस्मा स्वतः राज्यकारभारात बसणारी बाई होती आणि हिला तिनेच तयार केलं. नवरा मुकर्रम अहमद अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने सगळा कारभार हिच्या हाती दिला, आणि मग ११३८ मध्ये वारेपर्यंत, म्हणजे साधारण नव्वदीपर्यंत, हिचाच शब्द चालला. जुम्याच्या खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या वेळच्या प्रवचनात, तिचं नाव घेतलं जायचं. मुसलमान राण्या इतिहासात आणखीही झाल्या पण खुतब्यात नाव आलेल्या फार थोड्या.

तिची एक गोष्ट यमनमध्ये आवडीने सांगतात. राजधानी सनाहून जिबलाला न्यायची होती. तिने नवऱ्याला सांगितलं, सनाच्या लोकांना एकदा गोळा करा आणि खाली बघा. बघितलं तर नुसत्या तलवारी चमकत होत्या. मग जिबलाच्या लोकांना बोलावलं, तर कुणी मेंढा ओढत आणलाय, कुणाच्या डोक्यावर तुपाचं नाहीतर मधाचं भांडं. ती म्हणाली, या कष्टाच्या माणसांत राहिलेलं बरं. तिने बांधलेली मशीद जिबलात आहे, तिची कबर तिथेच.

आता आपला संबंध. ११३० मध्ये कैरोत फातिमी खलीफा आमिर मारला गेला, त्याच्या तान्ह्या मुलाचा, तय्यबचा, गादीवरचा हक्क कैरोने नाकारला तेव्हा राणी अरवा त्या बाळाच्या बाजूने उभी राहिली आणि तिने दाई, म्हणजे धर्माचा प्रमुख, नेमला. तिथून सुरू झालेली दाईंची गादी १६व्या शतकात यमनहून गुजरातेत आली आणि आज मुंबईत आहे. म्हणजे आपले दाऊदी बोहरी. त्यांच्यात राणीला फार मान, हुर्रतुल मलेका म्हणतात, आणि म्हणून त्यांच्या घरांत अरवा नाव सहज सापडतं. माझ्या एका वर्गात दोन अरवा होत्या, दोघीही बोहरी. बाकी आपल्या कोकणी, दखनी मुसलमानांत मात्र मला भाचीशिवाय दुसरी अरवा भेटलेली नाही. यमनमध्ये आणि आखातात हे नाव अजिबात दुर्मिळ नाही. सीएनएनवर युद्धाच्या बातम्या द्यायची ती अर्वा डेमन बघितली असेल, तिची आई सीरियाची. तेव्हा सासूबाईंना विचारा, शेजारी किंवा ओळखीत कुणी बोहरी होतं का. बहुतेक निघेल.

थोडं प्रॅक्टिकल. मूळ उच्चारात र अर्धा आहे, म्हणजे देवनागरीत अर्वा लिहिलं तर जास्त जवळचं, अरवाही चालतं, पण एकच काहीतरी ठरवा आणि जन्मदाखल्यापासून सगळीकडे तेच ठेवा. माझ्या भाचीचं दाखल्यावर एक आणि शाळेच्या रजिस्टरवर दुसरं लागलं, आणि नंतर ते सारखं करून घेण्यात माझ्या बहिणीचे इतके हेलपाटे झाले की तिला रडू यायचं बाकी होतं. इंग्रजी स्पेलिंगही तेव्हाच पक्कं करा. चिडवाचिडवीचं म्हणाल तर गोंदिया-भंडाऱ्याकडे अरवा म्हणजे न उकडलेला तांदूळ, भात गिरणीवाले अरवा आणि उष्णा म्हणतात, तुमचं माहेर तिकडचं असेल तर एवढं ऐकायची तयारी ठेवा.

आणि हे नक्की लक्षात ठेवा. अकीक्याचं, म्हणजे बाळाच्या नाव ठेवण्याच्या समारंभाचं, कार्ड उर्दूत छापणार असाल तर शेवटच्या अक्षरावर छोटा उभा अलिफ, खडा ज़बर, घालायला सांगा, जसा ईसा, मूसा, सलमा, लैला लिहिताना घालतात तसा. तो राहिला तर उर्दू वाचणारा अरवी वाचणार, आणि अरवी म्हणजे आळकुडी! कंपोझ करणाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही, तेव्हा प्रूफ स्वतः वाचा किंवा इथे टाका, मी बघून देते.