बोली ७४ ची, आरसी ८१ ची

प्रश्न : मी कराड तालुक्यातला शेतकरी. गेल्या दिवाळीत शेजारच्या गावातून एचएमटी झेटर २५११ ट्रॅक्टर १ लाख ६० हजारांना घेतला. '१९७४ चं मॉडेल, वडिलांनी नवा आणलेला' असं मालकाने बाँड पेपरवर लिहून दिलंय. आता नावावर करायला गेलो तर आरसीत उत्पादन वर्ष १९८१ आहे आणि इंजिन नंबरही जुळत नाही. व्यवहाराच्या वेळी आरसी पाहिली होती, पण वर्षाकडे लक्ष गेलं नाही. फसवणुकीची केस होईल का? आणि पन्नास वर्षं झाली म्हणून व्हिंटेज नंबर मिळेल का?

उत्तर : आधी इंजिन नंबरचं बघू, वर्ष नंतर. वर्ष चुकलं तर तुमचे थोडे पैसे जातील. इंजिन किंवा चेसिस नंबर आरसीशी जुळला नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५(५) खाली नोंदणीच रद्द होऊ शकते. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन कधीतरी बदललेलं असणं यात नवल नाही, पण कलम ५२ प्रमाणे त्याची नोंद आरसीत व्हायला हवी होती. तेव्हा मालकाकडून इंजिन कधी, कुठून घेतलं याचं प्रतिज्ञापत्र आणि असेल ती पावती घ्या. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा आणि आलेला छाप आरसीशी ताडून पाहा. रिव्हेट मारलेल्या पत्र्याच्या पाटीवर विसंबू नका, पाटी बदलता येते. लोखंडात ठोकलेला नंबर बघा.

आता वर्ष. मालक खोटंच बोलतोय असं मी लगेच म्हणणार नाही. झेटर २५११ पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून बनत होता, म्हणजे ७४ अशक्य नाही. ट्रॅक्टर आधी आला, शेतातच राबला आणि पासिंग उशिरा झालं, असंही घडलेलं असू शकतं. नंबरातच उत्पादनाचा महिना-वर्ष असण्याची सक्ती १९९३ च्या नियमदुरुस्तीनंतरची, त्यामुळे इथे नुसत्या नंबरावरून वर्ष वाचता येणार नाही. कंपनीला विचारावं तर एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला. पण एचएमटी सरकारी कंपनी आहे, म्हणून माहिती अधिकार लागू. चेसिस नंबर लिहून दहा रुपयांचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आरटीओकडून मूळ नोंदणीचा बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदवहीतला उताराही काढा.

एक जागा मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : सातबारा. त्या काळी पुष्कळ ट्रॅक्टर भूविकास बँकेच्या कर्जावर यायचे आणि जमिनीवर बोजा चढायचा. मालकाच्या वडिलांच्या गटाचे ७१ ते ८२ मधले फेरफार तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढा. 'ट्रॅक्टर कर्ज' अशी तारखेसह नोंद सापडली, तर ती कुणाच्याही आठवणीपेक्षा भारी ठरेल.

पुरावा ८१ कडे झुकला, तर? पोलिसात जाऊ नका असं मी म्हणेन. फसवणुकीसाठी मालकाला खरं वर्ष माहीत होतं हे दाखवावं लागतं, आणि त्याने तर ७४ च्या शब्दावर स्वतःची सही केलीय, म्हणजे तो ते खरंच मानत होता असं तो म्हणेल. दिवाणीतही करार रद्द करून घेणं जड जाईल. आरसी तुमच्या हातात होती, साधी काळजी घेतली असती तर कळलं असतं, असा बचाव करार कायद्याच्या कलम १९ मध्ये त्याला मिळू शकतो. ट्रॅक्टर वापरूनही झालाय. मग उरते ती वस्तुविक्री कायद्याखालची नुकसानभरपाई, म्हणजे ७४ आणि ८१ च्या किमतीतला फरक. त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. ग्राहक आयोगाचं दार इथे उघडत नाही, कारण विकणारा शेतकरी आहे, व्यापारी नाही.

पण तुमच्या हातात एक हुकमी पान आहे. आरसीवर अजून मालकाचं नाव आहे. उद्या अपघात झाला तर भरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच धरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे ट्रान्सफरची घाई त्यालाही हवी. मालकाला नोटीस पाठवा, तीत हे सौम्य शब्दांत लिहा आणि ट्रान्सफरच्या फॉर्म २९-३० वर सह्या, इंजिनाचं प्रतिज्ञापत्र आणि किमतीत सूट एकत्र मागा. दीड लाखाच्या व्यवहारासाठी चार वर्षं तारखा करण्यापेक्षा वीस हजार कमी करून घेतलेले बरे.

व्हिंटेज नंबरचा विचार सोडा. २०२१ चा नियम दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी आहे, ट्रॅक्टर त्यात येत नाही. पन्नास वर्षंही पहिल्या नोंदणीपासून मोजतात. ७४ सिद्ध झालं तरी पासिंग ८१ चं असेल, तर ती २०३१ मध्ये भरतील. शिवाय मूळ इंजिनात मोठा बदल चालत नाही, आणि असा नंबर घेतलेलं वाहन रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. तुम्हाला तर त्याने नांगरायचंय.

ट्रान्सफर आणि विमा तुमच्या नावावर होईपर्यंत ट्रॅक्टर बांधाच्या आतच ठेवा. उसाची ट्रॉली जोडून कारखान्याच्या रस्त्याला लावू नका.